रक्ताचे पाट आणि त्यांचे पाटकरी

नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेस बागलाण तालुक्यांतून मोसम नदी वाहते. ह्या नदीवर व शेजारच्या धुळे जिल्ह्यांतील पांझरेवर पूर्वापार दगडी बंधारे बांधलेले आहेत, आणि त्या बंधाऱ्यांच्या पाण्यावर गांवकऱ्यांनीं सामाईक रीतीनें शेती करण्याची जी पद्धति पडली तिला फड पद्धति असें नांव आहे. बंधाऱ्यानें अडलेलें पाणी पाटांत शिरतें, पाटांतून चाऱ्यांत जातें व चाऱ्यांतून शेतांत पोंचतें. ह्या सगळ्या प्रवासांत कोणतेंहि यंत्र नाहीं, मोट नाहीं. पाणी चालतें तें केवळ उताराच्या बळावर. म्हणून बंधारा बांधणाऱ्या गवंड्याचें काम संपलें तरी फडाचें काम संपत नाहीं. वर्षानुवर्षें पाटावर हिंडून फुटलेला कांठ बुजविणारा, पाणी कोणाच्या शेतांत किती गेलें हें पाहणारा पाटकरी गांवाला ठेवावाच लागतो. पाट एकदां खणला म्हणजे पाणी आपोआप चालत राहील असें मानणारें गांव थोड्याच वर्षांत कोरडें पडेल.

मनुष्याच्या शरीरांतहि असेच पाट आहेत, आणि त्यांतून रात्रंदिवस रक्त वाहत असतें. कांहीं बालकें जन्मास येतात तींच ह्या पाटांची मांडणी चुकलेलीं अशीं. कोठें दोन पाटांमधील बांध फुटलेला, कोठें पाटाचें तोंड अरुंद, तर कोठें पाण्यास गति देणाऱ्या दोन पंपांपैकीं एक पंपच नाहीं. शंभर वर्षांहून कमी काळांत शस्त्रवैद्यांनीं हे पाट दुरुस्त करण्याची, व दुरुस्त होण्याजोगे नसतील तर ते वळविण्याची, विद्या हस्तगत केली. परंतु त्या विद्येचा इतिहास नीट पाहिला म्हणजे असें दिसतें कीं, पाट वळविणें हा तिचा केवळ पूर्वार्ध होय. वळविलेलें रक्त पुढें कसें वाहतें, कोठें आपटतें, कोठें तुंबतें, आणि दहावीस वर्षांनीं हृदयाचें काय करतें, हें शिकणें हा उत्तरार्ध. आणि तो पूर्वार्धाहून अधिक कठीण ठरला.

ह्या इतिहासाचें मर्म कळण्यासाठीं प्रथम निरोगी हृदयाची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. हृदय म्हणजे एका भिंतीनें विभागलेले दोन पंप होत. प्रत्येकास वरचा व खालचा असे दोन कप्पे आहेत. सर्व शरीरांतून नीलांच्या वाटेनें परत आलेलें काळसर रक्त उजवा पंप घेतो व फुप्फुसांकडे लोटतो. तेथें प्राणवायु मिळून तें रक्त लालभडक होतें व डाव्या बाजूस येतें. डावा पंप तें महारोहिणींत लोटतो व तेथून तें सर्वांगास पोंचतें. प्रौढ माणूस स्वस्थ बसला असतां ह्या प्रत्येक पाटांतून मिनिटाला सुमारें ५ लिटर रक्त जातें. रक्त दोन्हीकडे सारखेंच. परंतु दाब मात्र अगदीं निराळा. दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीनें मोजण्याची रीत आहे. महारोहिणींत तो दर ठोक्यास सुमारें १२० मिलिमीटरपर्यंत चढतो. फुप्फुसांच्या रोहिणींत तो २५ च्या आसपासच असतो. फुप्फुसांच्या वाहिन्या नाजूक आहेत, त्यांना हलका दाब मानवतो. डाव्या पंपाची भिंत जाड व उजव्याची पातळ आहे, ती ह्याच कारणानें.

जन्मास येणाऱ्या दर हजार मुलांपैकीं सुमारें आठ मुलांच्या हृदयांत कांहीं ना कांहीं व्यंग असतें. त्यांतील पुष्कळशीं व्यंगें दोन पंपांमधील भिंतीस भोंक असण्याचीं. अशा वेळीं डावीकडचें जोरदार रक्त उजवीकडे घुसतें व फुप्फुसांत पूर येतो. मूल दूध पितां पितां घामाघूम होतें, त्याचें वजन वाढत नाहीं, त्यास वारंवार न्यूमोनिया होतो. दुसऱ्या प्रकारांत भिंतीस भोंक असून शिवाय फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते. काळें रक्त फुप्फुसांत न जातां भोंकांतून सरळ शरीरांत जातें आणि मुलाचे ओठ व नखें निळीं पडतात. धांवून दमलेलें असें मूल एकाएकीं उकिडवें बसतें. हें त्यास कोणी शिकविलेलें नसतें. उकिडवें बसल्यानें पायांकडील रोहिण्या दाबल्या जातात, शरीराकडील वाट कांहींशी अडते, आणि तिकडे निसटणारें रक्त फुप्फुसांच्या वाटेस लागतें. प्रवाहशास्त्राचा पहिला धडा अशा रीतीनें वैद्यांच्या आधीं ह्या मुलांनींच गिरविला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

रक्त शरीरांत फिरून फिरून येतें हें विल्यम हार्वे ह्या इंग्रज वैद्यानें १६२८ सालीं सिद्ध केलें. परंतु त्यानंतर तीनशें वर्षें जन्मजात व्यंगाचें हृदय केवळ मृत्यूनंतर पाहण्याची वस्तु होऊन राहिलें. कॅनडांतील डॉ. मॉड ॲबट ह्या विदुषीनें अशा हजार हृदयांचा अभ्यास करून १९३६ सालीं त्यांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला, आणि ज्या विषयास तोंवर कोणी उपयोगाचा मानीत नव्हतें त्यास शास्त्राचें रूप आलें. दोनच वर्षांनीं, २६ ऑगस्ट १९३८ रोजीं, बॉस्टन येथें डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनीं सात वर्षांच्या एका मुलीची, जन्मानंतर मिटावयास हवी असतां उघडीच राहिलेली, महारोहिणी व फुप्फुसाची रोहिणी ह्यांना जोडणारी वाहिनी बांधून टाकली. नको असलेला पाट बंद केला, एवढेंच तें काम. परंतु जन्मजात व्यंगावर शस्त्र चालवून मूल सुखरूप घरीं जातें, हें त्या दिवशीं कळून आलें.

ह्यापुढील पाऊल नेमकें उलट दिशेचें होतें. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं डॉ. हेलन टॉसिग ह्या निळ्या मुलांवर उपचार करीत. त्यांना ऐकूं येईनासें झालें होतें, म्हणून मुलांच्या छातीचे ठोके त्या कानांऐवजीं बोटांनीं पारखीत. त्यांच्या ध्यानीं आलें कीं, ज्या निळ्या मुलांत ती जोडवाहिनी उघडी असते तीं बरीं राहतात, आणि ती मिटली म्हणजे एकदम ढांसळतात. मग फुप्फुसांकडे असा एक पाट मुद्दाम कां काढूं नये? हा विचार त्यांनीं डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्यापुढें मांडला. ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेंत व्हिव्हियन थॉमस नांवाचे कृष्णवर्णीय साहाय्यक होते. ते सुताराचे चिरंजीव. शिक्षणासाठीं सांठविलेली पुंजी मंदींत बुडाल्यानें त्यांना डॉक्टर होतां आलें नव्हतें. परंतु वाहिनीस वाहिनी शिवण्याची कृति कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांनींच बसविली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं पंधरा महिन्यांच्या एका मुलीच्या हाताकडे जाणारी रोहिणी ब्लेलॉक यांनीं फुप्फुसाच्या रोहिणीस शिवली, तेव्हां थॉमस त्यांच्या मागें एका स्टुलावर उभे राहून टांका कोठें व कसा घालावा हें सांगत होते. ती मुलगी पुढें कांहीं महिन्यांनीं दगावली. परंतु तिच्या मागून आलेलीं शेंकडों निळीं मुलें शस्त्रक्रियेच्या मेजावरच गुलाबी झालीं. थॉमस यांना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानें सन्मान्य डॉक्टरेट दिली ती १९७६ सालीं.

येथवर पूर्वार्धाचा आनंद होता. येथून पुढें रक्तानें आपले नियम शिकविण्यास आरंभ केला. पहिला नियम होता मापाचा. एकोणिसाव्या शतकांत प्वाझय नांवाच्या फ्रेंच वैद्यानें बारीक नळ्यांतून द्रव वाहवून असें दाखविलें होतें कीं, तितक्याच दाबाखालीं नळीचा व्यास निम्मा केला तर प्रवाह निम्मा होत नाहीं, तो सोळांश होतो. ह्या हिशेबानें ३.५ मिलिमीटर व्यासाच्या नळीऐवजीं ४ मिलिमीटरची नळी घातली तर रक्त जवळजवळ पावणेदोन पट जाईल. अर्धा मिलिमीटर म्हणजे नखाची जाडी; परंतु तेवढ्यानें फुप्फुसांत उपासमार किंवा पूर ठरतो. १९४६ सालीं शिकागो येथें डॉ. पॉट्स यांनीं व १९६२ सालीं लंडन येथें डॉ. वॉटरस्टन यांनीं महारोहिणीच फुप्फुसाच्या रोहिणीस थेट जोडण्याच्या रीति काढल्या. त्या करण्यास सोयीच्या होत्या. परंतु जोडाचें तोंड किती ठेवावें ह्यावर ताबा राहीना. कित्येक मुलांच्या फुप्फुसांत महारोहिणीचा दाब उतरला आणि तेथील नाजूक वाहिन्या हळूहळू जाड व कठीण झाल्या. व्हिएन्नाचे डॉ. आयझेनमेंगर यांनीं १८९७ सालीं भिंतीस भोंक असलेल्या एका रुग्णाच्या संबंधांत जो रोग वर्णिला होता, तोच आतां मनुष्याच्या हातून निर्माण होऊं लागला. अशा रीतीनें कठीण झालेल्या वाहिन्या मागें फिरत नाहींत. म्हणून त्या दोन्ही रीति मागें पडल्या, आणि बेताचें पाणी देणाऱ्या अरुंद नळीच्या जोडास मान्यता मिळाली.

मध्यंतरीं हृदय उघडून आंतील दुरुस्ती करण्याची वाट मोकळी झाली होती. त्यासाठीं रक्तप्रवाह थांबविणें भाग होतें, आणि तो कांहीं मिनिटें थांबला तरी मेंदूस इजा होते. २ सप्टेंबर १९५२ रोजीं मिनिआपोलिस येथें डॉ. जॉन लुईस यांनीं पांच वर्षांच्या मुलीचें शरीर थंड करून, त्या थंडाईनें मिळालेल्या थोड्या मिनिटांत वरच्या कप्प्यांमधील भोंक शिवलें. ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फिया येथें डॉ. जॉन गिबन यांनीं हृदयाचें व फुप्फुसांचें काम करणारें यंत्र वापरून अठरा वर्षांच्या मुलीचें तसेंच भोंक बंद केलें. १९५४ सालीं डॉ. लिलहाय यांनीं तर यंत्राऐवजीं जिवंत मनुष्यच वापरला. मुलाचा बाप किंवा आई शेजारच्या मेजावर निजे, दोघांच्या वाहिन्या नळ्यांनीं जोडल्या जात, आणि मुलाचें हृदय उघडें असेपर्यंत त्याच्या शरीरास आईबापांचें हृदय रक्त पुरवी. ह्या रीतीनें त्यांनीं ४५ मुलांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या काळच्या आईबापांनीं काय पणास लावलें होतें हें ह्यावरून ध्यानीं येईल.

आपल्या देशांत ही विद्या फार उशिरा आली असें नाहीं. मुंबईस परळ येथील के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयाच्या शस्त्रक्रियेची शाखा वाढविली व प्रयोगशाळेंत कुत्र्यांवर प्रयोग करण्याची शिस्त घातली. फेब्रुवारी १९६८ मध्यें त्यांनीं हृदयाचें रोपण केलें तें भारतांतील पहिलें. त्यांच्या सहकाऱ्यांत डॉ. गुरुकुमार परुळकर यांच्यासारखे मराठी शस्त्रवैद्य होते. त्याच्या आधीं १९६१ सालीं मुंबईच्या नायर रुग्णालयांत डॉ. के. एन. दस्तुर यांनीं, आणि त्याच वर्षीं वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. एन. गोपीनाथ यांनीं, हृदय-फुप्फुस यंत्राच्या साह्यानें उघड्या हृदयावर शस्त्रक्रिया केल्या. नाशिककरांच्या दृष्टीनें ह्याचा अर्थ इतकाच कीं, निळ्या मुलास घेऊन कसाऱ्याचा घाट उतरावा, दादरला गाडींतून उतरावें, आणि परळच्या वाटेस लागावें. तेथें आतां नुसता दिलासा नव्हे, तर इलाजहि मिळूं लागला होता.

जीं मुलें जगलीं तीं मोठीं झालीं, आणि रक्तानें दुसरा धडा शिकविला. निळ्या मुलांच्या व्यंगाची संपूर्ण दुरुस्ती लिलहाय यांनीं ३१ ऑगस्ट १९५४ रोजीं प्रथम केली. भिंतीचें भोंक बुजवावयाचें व फुप्फुसांकडील अरुंद वाट कापून रुंद करावयाची, असें तिचें स्वरूप. वाट रुंद करतांना पुष्कळदां तेथील झडप कापली जाई; मग दर ठोक्यास पुढें गेलेल्या रक्तांतील कांहीं भाग मागें परते. उजवीकडे दाब थोडा असल्यानें ह्या गळतीपासून अपाय नाहीं अशी बरेच दिवस समजूत होती. मूल खेळे, शाळेंत जाई, त्याचे ओठ लाल असत. आणखी काय हवें? परंतु वीस पंचवीस वर्षांनीं त्याच मुलांच्या, आतां प्रौढ झालेल्या, हृदयाचा उजवा कप्पा फुगलेला दिसूं लागला. एकच घागर दोनदां उचलावी लागणाऱ्या पाणक्याप्रमाणें तो थकला होता. कांहींच्या ठोक्यांची लय बिघडली, कांहींना अवचित मृत्यु आला. तेव्हां कळलें कीं अशा रुग्णांत कप्पा फार फुगण्यापूर्वी नवी झडप बसविली पाहिजे, आणि ती वेळ ओळखण्यासाठीं रुग्णास तक्रार नसतांनाहि तपासीत राहिलें पाहिजे. २००० सालीं पॅरिस येथें डॉ. फिलिप बोनहोफर यांनीं छाती न उघडतां शिरेवाटे नळी घालून अशी झडप बसवून दाखविली.

तिसरा धडा सर्वांत खोल आहे, आणि फडाच्या पाटाशीं त्याचें नातें सर्वांत जवळचें आहे. कांहीं मुलांत उजव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधील दारच तयार झालेलें नसतें. उजवा पंप निकामी. एकच पंप चालू. अशा मुलास दुसरा पंप कोठून आणावयाचा? १९५८ सालीं अमेरिकेंतील येल येथें डॉ. विल्यम ग्लेन यांनीं डोक्याकडून व हातांकडून येणारी मोठी नीला उजव्या फुप्फुसाच्या रोहिणीस सरळ जोडल्याचें प्रसिद्ध केलें. म्हणजे तेवढें रक्त पंपावांचून, केवळ नीलेंतील दाबाच्या उतारावर, फुप्फुसांत जाऊं लागलें. १९६८ सालीं फ्रान्समधील बोर्दो येथें डॉ. फ्रान्सिस फाँतां यांनीं बारा वर्षांच्या एका मुलीचें शरीरांतून परत येणारें सर्वच रक्त पंपावांचून फुप्फुसांकडे वळविलें, आणि १९७१ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याच सुमारास ब्वेनोस आयरेस येथें डॉ. क्रॉयत्सर हेहि स्वतंत्रपणें त्याच मार्गावर आले होते. उरलेला एकुलता पंप शुद्ध रक्त शरीरास पुरवील, आणि अशुद्ध रक्त आपल्या उतारानें फुप्फुसांतून पार होईल: हीच ती फडाची योजना. तिचे नियमहि फडाचेच. पुढील वाट कठीण झालेली नको, अरुंद नको, आणि शेवटीं रक्त ओढून घेणारा डावा कप्पा ताठ झालेला नको. फाँतां यांच्या सहकाऱ्यांनीं अशा दहा अटी पुढें नमूद केल्या, आणि जगभरचे शस्त्रवैद्य त्यांना दहा आज्ञा म्हणूं लागले.

फाँतां यांची आरंभींची समजूत अशी होती कीं, उजवीकडील वरचा कप्पा मार्गांत ठेवला तर तो थोडाफार पंपाचें काम करील. म्हणून त्यांनीं त्यास झडपाहि बसविल्या. ही समजूत पुढें डळमळीत झाली ती लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयांत. तेथील डॉ. मार्क द लव्हाल यांनीं प्रयोगशाळेंत नळ्या व पोकळ्या मांडून त्यांतून प्रवाह सोडला, आणि १९८८ सालीं आपला निष्कर्ष सांगितला: प्रवाहाच्या मार्गांत झडपेवांचून फुगणारी व आकुंचन पावणारी पोकळी असली तर ती प्रवाहास मदत करीत नाहीं, उलट तेथें भोंवरे उठतात व पुढें जाणारें रक्त घटतें, तसेंच प्रत्येक कोपऱ्यावर, प्रत्येक अरुंद जागीं प्रवाहाची शक्ति वायां जाते. पाटाच्या मध्यें डबकें ठेवूं नये, ही गोष्ट बागलाणच्या पाटकऱ्यास सांगावी लागली नसती. परंतु शस्त्रवैद्यकास ती शिकण्यास वीस वर्षें व अनेक मुलांचीं फुगलेलीं हृदयें लागलीं. तेव्हांपासून डबकें टाळून सरळ, गुळगुळीत वाट काढण्याकडे कल झाला.

मग प्रश्न उभा राहिला तो संगमाचा. वरून येणारी नीला व खालून येणारी नीला एकाच जागीं समोरासमोर आणल्या तर दोन्ही प्रवाह एकमेकांवर आदळतात. नाशिकजवळ तपोवनांत कपिला गोदावरीस बाजूनें मिळते. दोन नद्या एकमेकींवर तोंडानेंच धडकल्या असत्या तर तेथें केवळ खळबळ उडाली असती. इटलींतील मिलान येथील अभियंत्यांनीं द लव्हाल यांच्या बरोबरीनें ह्या संगमाचें गणित संगणकावर मांडून १९९६ सालीं प्रसिद्ध केलें. दोन नीलांचीं तोंडें किंचित् बाजूस सरकविलीं व जोड तुतारीसारखा पसरट केला तर शक्तीचा नाश कमी होतो, हें अशा अभ्यासांतून पुढें आलें. सरकविण्यासहि मर्यादा आहे. यकृताकडून येणाऱ्या रक्तांत फुप्फुसांच्या वाहिन्या निरोगी ठेवणारा कांहीं गुण असतो. तें रक्त ज्या फुप्फुसास मिळत नाहीं त्यांत विकृत वाहिन्या वाढतात आणि रक्त प्राणवायु न घेतांच पार होतें. म्हणून नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून जसें उजव्या व डाव्या अशा दोन्ही कालव्यांस पाणी द्यावें लागतें, तसेंच हें रक्त दोन्ही फुप्फुसांस पोंचतें आहे कीं नाहीं हें पाहावें लागतें. आतां चुंबकाच्या साह्यानें घेतलेल्या चित्रांतून जिवंत हृदयांतील रक्ताची धार कोठें वळते, कोठें घोटाळते हें डोळ्यांनीं दिसूं शकतें, आणि कांहीं ठिकाणीं मुलाच्याच हृदयाची प्रतिकृति संगणकावर उभारून कोणता जोड बरा हें शस्त्र हातीं घेण्यापूर्वींच अजमावितात.

एवढें करूनहि निसर्गाचें देणें उरतेंच. १९९० सालीं फाँतां यांनीं सहकाऱ्यांसह आपल्याच शस्त्रक्रियेचा हिशेब मांडला, आणि सर्व अटी पाळून निर्दोष रीतीनें केलेली शस्त्रक्रिया झाली तरी वर्षें लोटतात तसतशी रुग्णाची शक्ति उतरत जाते, हें प्रांजळपणें सांगितलें. स्वतःच्या नांवाच्या शस्त्रक्रियेविषयीं असें सांगण्यास मोठें मन लागतें. उताराचें कारण प्रवाहांतच आहे. रक्ताला पंपावांचून फुप्फुसें ओलांडावयाचीं तर मागील बाजूस पाणी चढलेलें हवें. निरोगी माणसाच्या नीलांत हृदयाजवळ दाब ५ मिलिमीटरच्या आसपास असतो. अशा रुग्णांत तो १० ते १५ असतो. नाशिकच्या गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कोठवर पाणी आलें ह्यावरून लोक पुराचा अंदाज घेतात. ह्या रुग्णांच्या शरीरांतील मारुतीच्या गुडघ्यांशीं पाणी नेहमींच असतें. त्याचा भार सर्वांआधीं यकृतावर पडतो, आतड्यांवर पडतो. कोठें पाय सुजतात, कोठें मंद प्रवाहांत गुठळी धरते. हें पाणी कमरेस केव्हां लागलें हें जो वेळेवर पाहील त्याच्या हातीं उपाय असतात. जो पाहणार नाहीं त्यास पूर आल्यावरच कळतें.

आतां हा सगळा इतिहास नाशिक जिल्ह्याच्या अंगणांत आणून ठेवला पाहिजे. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं फिरतीं पथकें अंगणवाड्यांत वर्षांतून दोनदां व शाळांत एकदां मुलांची तपासणी करतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांतील ज्या मुलाचे निळे ओठ पूर्वी दैवाच्या माथीं मारले जात, त्याचा ठोका आतां कोणीतरी ऐकतो. नाशिकला शालिमार भागांत विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. राज्यांतील वैद्यकीय पदव्या देणारें, १९९८ सालीं स्थापन झालेलें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठहि नाशिकलाच आहे. महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवाच्या जनआरोग्य योजनेमुळें शस्त्रक्रियेचा खर्च पुष्कळ घरांच्या डोक्यावरून उतरला आहे. पूर्वार्धाची सोय अशी बरीच झाली.

उणीव आहे ती उत्तरार्धाची. मूल मुंबईहून बरें होऊन आलें, धांवूं लागलें, म्हणजे घरीं आनंद होतो व तपासणीचे कागद पेटींत जातात. पुढें मुलगी उपवर झाली तर छातीवरचा व्रण झांकला जातो आणि ते कागद पेटींतूनहि नाहींसे होतात. सासरीं गेल्यावर दिवस राहिले तेव्हां तिच्या हृदयाचा पाट कोठून कोठें वळविला आहे हें सांगणारें कोणी जवळ नसतें. गरोदरपणांत रक्ताचें मान जवळजवळ निम्म्यानें वाढतें. वळविलेल्या पाटास तो भार पेलेल कीं नाहीं हें आधीं पाहिलें पाहिजे. लज्जेनें झांकलेला तो कागद तिच्या जिवाचा आधार असतो. दांत किडला तर त्यांतील जंतु रक्तावाटे हृदयांतील शिवणीवर किंवा झडपेवर जाऊन बसूं शकतात. म्हणून अशा मुलाच्या दांतांची काळजी घेणें हा हृदयाच्याच उपचाराचा भाग होय. रक्त पातळ राखण्याचें औषध दिलें असेल तर तें आपल्या मतानें सोडतां कामा नये. आणि तक्रार असो वा नसो, डॉक्टरांनीं नेमून दिलेल्या वेळीं हृदयाची तपासणी चुकतां कामा नये.

ह्यांतील एकहि काम शस्त्रवैद्याचें नाहीं. तें आईचें आहे, बापाचें आहे, गांवच्या आशा सेविकेचें आहे, वर्गांत धांपा टाकणाऱ्या मुलाकडे लक्ष असलेल्या शिक्षकाचें आहे. आणि मूल जाणतें झाल्यावर तें त्याचें स्वतःचें आहे. ग्रॉस, टॉसिग, थॉमस, फाँतां, सेन, दस्तुर ह्यांनीं व त्यांच्या मागून आलेल्यांनीं बंधारे घातले, पाट खणले. त्या पाटांतून आज जें रक्त वाहत आहे तें तुमच्या आमच्या घरांतील मुलांचें आहे. मोसमच्या कांठचा शेतकरी बंधारा बांधणाऱ्याचें नांव विसरला असेल. परंतु पाटकऱ्याची पाळी तो चुकूं देत नाहीं. हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक मुलाच्या घरानें तेवढी एक पाळी सांभाळली, तर जें आयुष्य शस्त्रवैद्याच्या हातून एकदां परत मिळालें तें पुन्हां हातचें जाणार नाहीं.